शॉकअप बदलण्यापूर्वी: मोटारसायकलच्या सस्पेन्शनची तपासणी, जुळवणी आणि दुरुस्ती

खड्ड्यातून जाताना हँडल हाताला आदळू लागले किंवा वळणावर गाडीचे मागचे अंग डुलू लागले, की बहुतेक जण गाडी गॅरेजमध्ये उभी करून "शॉकअप गेलेत, बदलून टाका" एवढेच सांगतात. गॅरेजवालाही फारसे न बोलता ते बदलून देतो, पैसे जातात आणि अनेकदा दोष होता तिथेच राहतो. माझ्या १५० सीसीच्या गाडीचे मागचे दोन्ही शॉकअप मी एकदा असेच बदलून घेतले. त्यानंतर करूळ घाट उतरताना गाडी पूर्वीइतकीच डुलली, कारण झिजले होते ते स्विंग आर्मचे, म्हणजे मागचे चाक धरून खालीवर हलणाऱ्या भागाच्या सांध्यातले बुश (आतल्या नळ्या), आणि त्यांना कोणी हात लावून पाहिलेच नव्हते. त्या 'कोणी'मध्ये मीही आलो. तेव्हापासून जो क्रम पाळतो तो येथे लिहीत आहे: आधी दोष शोधायचा, मग मोजायचे आणि त्यानंतरच पाना हातात घ्यायचा.

हे विवेचन पुढे साधा टेलिस्कोपिक फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारे दोन सरकते पाय, आणि मागे दोन शॉकअप असलेल्या, म्हणजे आपल्या रस्त्यांवर सर्वांत जास्त दिसणाऱ्या गाड्यांसाठी आहे. मागे एकच मोनोशॉक असलेल्या गाड्यांविषयी आवश्यक तेवढे ओघात आले आहे. सस्पेन्शनला मराठीत निलंबन म्हणण्याचा मोह टाळला आहे, कारण तो शब्द ऐकला की डोळ्यांसमोर मोटारसायकल न येता खातेनिहाय चौकशीला सामोरा जाणारा कर्मचारी येतो.

स्प्रिंगचे काम वेगळे, तेलाचे वेगळे

फोर्कच्या प्रत्येक पायात एक चकचकीत पोलादी पाइप असतो, आणि तो ॲल्युमिनियमच्या जाड नळीत, म्हणजे बॉटममध्ये, खालीवर सरकतो. आत लांब स्प्रिंग, तेल आणि बारीक भोके असलेला एक दांडा असतो. गाडीचे आणि स्वाराचे वजन स्प्रिंग पेलते. तेल वजन पेलत नाही. ते त्या भोकांतून ढकलले जाताना स्प्रिंगच्या हालचालीला आवर घालते. तेल संपले किंवा पातळ झाले की गाडी खाली बसत नाही, तर एका धक्क्यानंतर दोन-तीनदा उसळत राहते. उलट स्प्रिंग थकली की गाडी उसळत नाही, पण उभ्या जागी खाली बसलेली दिसते आणि मोठ्या खड्ड्यात तळाला जाऊन 'ठक्' असा आवाज करते. या दोन तक्रारी वेगळ्या आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

मागच्या शॉकअपच्या बुडाशी पायऱ्यांसारख्या खाचा असतात. त्यांतील वरच्या खाचेवर नेले की स्प्रिंग 'हार्ड' होते, असे सर्रास मानले जाते. प्रत्यक्षात स्प्रिंगचा कडकपणा तिच्या तारेच्या जाडीवर, वेढ्याच्या व्यासावर आणि वेढ्यांच्या संख्येवर ठरतो, आणि यातले काहीही खाच बदलल्याने बदलत नाही. समजा, एक सेंटिमीटर दबण्यासाठी स्प्रिंगला २० किलो भार लागतो. ती आधीच एक सेंटिमीटर दाबून बसवली, तर पहिले २० किलो ती हालचाल न करता पेलेल. मात्र त्यापुढचा प्रत्येक सेंटिमीटर दाबण्यासाठी २० किलोच लागतील. म्हणजे खाच बदलल्याने बदलते ती गाडी उभी राहण्याची उंची. याला प्रीलोड म्हणतात. एकट्याने चालवायची गाडी शेवटच्या खाचेवर ठेवली, तर चाकाला खड्ड्यात खाली उतरण्यासाठी मोकळीक उरत नाही. खड्डा आला की चाक अधांतरी राहते आणि पुढच्या क्षणी संपूर्ण गाडी आदळते. 'हार्ड केल्यावर रस्ता जास्त लागतो' हा जो अनुभव येतो, त्यामागे मुख्यतः हेच कारण असते.

शॉकअपवर आळ घेण्यापूर्वी

पहिली तपासणी टायरमधील हवेची. ती थंड टायरवर, सकाळी गाडी काढण्यापूर्वी करावी. आपल्याकडच्या अनेक १५० सीसी गाड्यांना पुढे २५ आणि मागे एकट्यासाठी २८, दोघांसाठी ३२ पीएसआयच्या आसपास हवा सांगितलेली असते. नेमका आकडा चेनकव्हरवरील किंवा स्विंग आर्मवरील स्टिकरवर असतो. पंपावरचा मुलगा न विचारता दोन्ही चाकांत ३५-४० भरून देतो, आणि मग चांगले शॉकअपसुद्धा दगडासारखे वाटू लागतात.

त्यानंतर गाडी मेन स्टँडवर घेऊन इंजिनखाली लाकडी ठोकळा द्यावा आणि पुढचे चाक जमिनीपासून उचलावे. सायलेन्सरच्या पाइपखाली ठोकळा देऊ नये. हँडल एका बोटाने डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवावे. ते बरोबर मध्यावर किंचित अडकल्यासारखे, खाचेत बसल्यासारखे वाटले, तर कोनसेट, म्हणजे हँडलखालचे छर्रे आणि त्यांच्या वाट्या, खराब झाला आहे. खड्ड्यांचे ठोसे सरळ चालताना सर्वांत जास्त बसतात, म्हणून खाचा मध्यावर पडतात. मग फोर्कचे दोन्ही बॉटम खालून धरून पुढेमागे हलवावेत. खटखट जाणवली तर कोनसेट ढिला तरी आहे किंवा फोर्कमधील बुश तरी झिजले आहेत. कोनसेटच्या जोडावर दुसऱ्याला बोट ठेवायला सांगितले की नेमका दोष कुठे आहे ते लगेच कळते.

मागच्या चाकासाठीही असेच करावे. चाक उचलून स्विंग आर्मचे, म्हणजे गॅरेजच्या भाषेत चिमट्याचे, टोक आडवे डावीउजवीकडे ढकलून पाहावे. जाणवण्याइतकी हालचाल असेल तर चिमट्याचे बुश आणि त्याचा लांब बोल्ट तपासल्याशिवाय शॉकअपला हात लावू नये. चाकच हलत असेल आणि चिमटा स्थिर असेल, तर दोष चाकाच्या बेअरिंगचा आहे. शॉकअपच्या दोन्ही टोकांच्या डोळ्यांतील, म्हणजे बोल्टच्या भोकांतील, रबरी बुश फाटले असले, तरी खडखड आवाज येतो, आणि तो दुरून शॉकअपचाच वाटतो. रबर बदलणे हे शॉकअप बदलण्याच्या मानाने किरकोळ काम आहे.

एवढे सारे ठीक निघाले, तर पुढचा ब्रेक दाबून हँडलवर पूर्ण वजन टाकून फोर्क दाबावा आणि सोडावा. तो वर येऊन एकदाच थांबला पाहिजे. दाबताना चिरक किंवा पाणी हलल्यासारखा आवाज आला, सुटताना फोर्क झटक्याने वर येऊन टक्कन थांबला, अथवा पाइपवर सीलच्या, म्हणजे तेल आत अडवणाऱ्या रबरी कड्याच्या, वर तेलाचे कडे दिसले, तर फोर्क उघडण्याची वेळ आली आहे. मागचा शॉकअपही असाच दाबून पाहावा, आणि स्प्रिंगच्या फटीतून टॉर्च मारून आतल्या दांड्यावर तेल आहे का ते बघावे. नुसती धूळ चिकटली असेल तर काळजीचे कारण नाही. ओलसर काळा थर असेल, तर त्या शॉकअपचे आयुष्य संपत आले आहे.

बसक मोजणे

स्वार बसल्यावर सस्पेन्शन जेवढे खाली बसते, त्या अंतराला सॅग म्हणतात. मी त्याला बसक म्हणतो. ती मोजायला पट्टी किंवा शिंपीकामाची टेप, आणि दोन मदतनीस पुरतात. पुढच्या फोर्कसाठी डस्ट सीलच्या, म्हणजे बॉटमच्या तोंडावरील धूळ अडवणाऱ्या रबरी कड्याच्या, वरच्या कडेपासून फोर्क धरणाऱ्या खालच्या आडव्या पट्टीपर्यंत, म्हणजे खालच्या 'टी'पर्यंत, अंतर मोजावे. मागे चाकाच्या ॲक्सलपासून सरळ वर, सीटखालच्या पॅनेलवर चिकटपट्टीने केलेल्या खुणेपर्यंत मोजावे.

पहिले माप चाक अधांतरी असताना घ्यावे. नंतर गाडी जमिनीवर घेऊन स्वाराने रोजचे कपडे, हेल्मेट आणि नेहमीची पाठपिशवी घेऊन बसावे, आणि एका मदतनीसाने गाडी सरळ धरावी. सीलचे घर्षण असल्यामुळे फोर्क प्रत्येक वेळी एकाच जागी थांबत नाही. म्हणून एकदा गाडी थोडी उचलून सावकाश खाली बसू द्यावी आणि मोजावे, नंतर थोडी दाबून सावकाश वर येऊ द्यावी आणि पुन्हा मोजावे. या दोन मापांची सरासरी पहिल्या मापातून वजा केली की बसक मिळते. उदाहरणार्थ, अधांतरी माप १६२ मिलिमीटर, स्वारासह पहिले माप १२४ आणि दुसरे ११६ आले, तर सरासरी १२० आणि बसक ४२ मिलिमीटर. त्या दोन मापांत १५ मिलिमीटरहून अधिक फरक पडला, तर फोर्क कुठेतरी घासतो आहे; ॲक्सल तिरपा बसला आहे, पाइप वाकला आहे किंवा सील कोरडे आहे. हे दुरुस्त केल्याशिवाय पुढची जुळवणी व्यर्थ आहे.

रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत स्वारासह बसक ही एकूण हालचालीच्या साधारण ३० ते ३५ टक्के असावी. रॉयल एनफील्डच्या २०२१ साली आलेल्या क्लासिक ३५० मध्ये पुढच्या फोर्कची हालचाल १३० मिलिमीटर आहे, म्हणजे तेथे ४० ते ४५ मिलिमीटर बसक योग्य ठरते. त्याच कंपनीच्या जुन्या ४११ सीसी हिमालयनमध्ये पुढे २०० मिलिमीटर हालचाल आहे, त्यामुळे तेथे ६० ते ७० मिलिमीटर बसकही योग्यच म्हणावी लागेल. मित्राच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नये तो यासाठी.

मागची बसक जास्त आली तर खाच एकेक करून वर न्यावी आणि प्रत्येक वेळी पुन्हा मोजावे. दोन शॉकअप असलेल्या गाडीत दोन्ही बाजूंची खाच सारखीच असली पाहिजे, हे सांगण्याची गरज वाटू नये. पण एका बाजूला तिसरी आणि दुसऱ्या बाजूला पाचवी अशा गाड्या मी पाहिल्या आहेत. त्यानंतर स्वार उतरवून नुसत्या गाडीची बसकही मोजावी. स्वारासह बसक बरोबर आहे, पण नुसती गाडी अजिबात बसत नाही, अशी स्थिती असेल, तर स्प्रिंग त्या स्वारासाठी मऊ आहे आणि प्रीलोडने ओढूनताणून उंची मिळवलेली आहे. नुसतीच गाडी खूप बसते आणि स्वार चढल्यावर फारसा फरक पडत नाही, असे असेल, तर स्प्रिंग कडक आहे. प्रथमदर्शनी हे उलटे वाटते, पण वरील २० किलोचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवले की उलगडा होतो.

पुढच्या फोर्कला बहुतेक साध्या गाड्यांत प्रीलोडची सोय नसते. तेथे वरच्या टोपणाखाली, स्प्रिंगच्या माथ्यावर पाच ते दहा मिलिमीटर उंचीचा नळीचा तुकडा बसवता येतो. तो प्लंबिंगच्या जाड पीव्हीसी पाइपचा चालतो. मात्र दोन्ही टोके अगदी काटकोनात कापून घासलेली असावीत आणि तुकडा व स्प्रिंग यांच्यामध्ये पोलादी वायसर असावा. दहा मिलिमीटरपेक्षा जास्त उंची देऊ नये, कारण फोर्क पूर्ण दबल्यावर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकले, तर धक्का सरळ फ्रेमवर जातो.

फोर्कचे सील बदलणे

कोकणात आणि घाटमाथ्यावर फोर्कचे सील लवकर जाते ते चिखलामुळे, आणि किनाऱ्यावर गंजामुळे. ओला चिखल पाइपवर सुकतो, तो डस्ट सीलखाली शिरतो आणि सीलच्या पातळ ओठाखाली खड्यासारखा अडकतो. म्हणूनच गळती नुकतीच सुरू झाली असेल तर आधी एक स्वस्त उपाय करून पाहावा. डस्ट सील पेचकसाने हलकेच वर उचकटून घ्यावे, जुन्या एक्स-रे फिल्मची दोन बोटे रुंद पट्टी कापून तिच्या टोकाला आकड्यासारखी खाच पाडावी, ती पाइपला चिकटवून सीलच्या ओठाखाली सरकवावी आणि गोल फिरवत बाहेर ओढावी. पट्टीबरोबर काळा गाळ बाहेर येतो. पाइप पुसून फोर्क दहा-पंधरा वेळा दाबावा आणि दोन दिवस वाट पाहावी. माझ्या अनुभवात बऱ्याच गळत्या एवढ्यानेच थांबल्या आहेत. धातूची पट्टी किंवा पेचकस या कामासाठी कधीही वापरू नये.

गळती थांबली नाही तर फोर्क उतरवावा. नवी सील जोडी, डस्ट सील, बुडाच्या बोल्टचे तांब्याचे वायसर आणि फोर्क ऑइल आधी आणून ठेवावे. सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि उंची मिलिमीटरमध्ये छापलेली असते. ती जुन्या सीलशी ताडून घ्यावी. गळती एकाच बाजूला असली तरी दोन्ही सील बदलावीत, कारण दोन्ही पायांत तेलाचे वय आणि पातळी सारखी असणे महत्त्वाचे आहे.

गाडी उचलण्यापूर्वीच दोन बोल्ट सैल करून घ्यावेत, कारण नंतर ते सुटता सुटत नाहीत. वरच्या प्लेटचा आवळबोल्ट ढिला करून फोर्कच्या माथ्याचे टोपण अर्धा आटा सैल करावे, आणि स्प्रिंगचा दाब कायम असतानाच बॉटमच्या बुडाशी आत लपलेला ॲलन बोल्टही (माथ्यावर षटकोनी खाच असलेला) हलवून ठेवावा. मग चाक उचलावे. डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपर काढून तारेने हँडलला बांधावा. नळीवर लोंबकळत ठेवू नये. पॅडच्या फटीत लाकडाची चपटी पाचर घालावी, नाहीतर घरातले एखादे पोर ब्रेकची मूठ दाबणार आणि पिस्टन बाहेर येणार. चाक, मडगार्ड काढून झाले की वरच्या आणि खालच्या पट्ट्यांचे आवळबोल्ट सोडवून पाइप पिळत पिळत खाली ओढावा.

टोपण पूर्ण काढताना तोंड बाजूला ठेवावे. आत दाबलेली स्प्रिंग असते आणि शेवटच्या आट्याला टोपण उडते. काही गाड्यांत आट्यांऐवजी टोपण खाली दाबून सर्कलिप, म्हणजे खाचेत बसणारी तारेची कडी, काढावी लागते. ते काम दोघांनी मिळून करावे. स्प्रिंग काढताना तिचे दाट वेढे वर होते की खाली, याचा फोटो काढून ठेवावा. तेल मोजपात्रात ओतून पाइप आठ-दहा वेळा खालीवर करावा, म्हणजे राहिलेले तेलही बाहेर येते. जुन्या तेलावरून बरेच काही समजते. ते दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे, चकाकणारा करडा गाळ असेल तर बुश किंवा दांडा झिजतो आहे, आणि एका पायात १६० तर दुसऱ्यात ९० मिलिलिटर निघाले, तर दोन्ही पायांचे काम सारखे होत नव्हते हेही कळते.

आता बुडाचा ॲलन बोल्ट काढायचा. बोल्टबरोबर आतला दांडाही गरगर फिरू लागला, तर स्प्रिंग पुन्हा आत घालून वरून दाबून धरावी. तरीही फिरत असेल, तर झाडूचा लाकडी दांडा टोकाला निमुळता तासून पाइपमधून आत ठोकावा. तो दांड्याच्या तोंडात रुततो आणि त्याला फिरू देत नाही. बोल्ट निघाला की डस्ट सील आणि त्याखालची तारेची सर्कलिप काढावी. साध्या फोर्कमध्ये पाइप सरळ बाहेर येतो, बुश असलेल्या फोर्कमध्ये तो तीन-चार वेळा झटका देऊन ओढावा लागतो आणि सील त्याच्याबरोबरच बाहेर येते. पहिल्या प्रकारात सील आतच राहते. बॉटमच्या कडेवर जाड कापडाची घडी ठेवून टायर काढायच्या लोखंडी पट्टीने ते उचकटावे. सील बसते त्या भिंतीवर ओरखडा पडला, तर नवे सीलही तिथून गळते. मी पहिल्या प्रयत्नात तोच ओरखडा पाडून ठेवला होता, आणि अख्खा बॉटम विकत घ्यावा लागला.

सर्व भाग रॉकेलने धुऊन कोरडे करावेत आणि मग पाइप नीट पाहावा, कारण सील बदलूनही महिन्याभरात पुन्हा गळती झाली, तर दोष बहुतेक वेळा पाइपचाच असतो. पाइपवर नख फिरवावे. सील ज्या भागावरून सरकते तिथे नख अडकले, तर तो गंजाचा खड्डा सीलचा ओठ फाडणार हे नक्की. बारीक खड्डा असेल, तर हजार नंबरचा पॉलिश पेपर तेलात भिजवून त्याची कड मोडावी, खड्ड्यात इपॉक्सीचा थेंब भरावा आणि सुकल्यावर पुन्हा सपाट घासावे. हा उपाय पावसाळा काढण्यापुरता आहे. सालटी निघालेल्या पाइपला नवे हार्ड क्रोम चढवून, घासून मूळ मापावर आणून देणारे कारखाने औद्योगिक वसाहतींत असतात. साध्या गाडीसाठी मात्र नवा पाइप घेणेच परवडते. पाइप सरळ आहे का ते पाहण्यासाठी तो जाड काचेवर लोळवावा आणि खालून उजेड धरावा. होंडाच्या अनेक मॅन्युअलमध्ये डायल गेजवरची (बाक मोजणाऱ्या काट्याच्या उपकरणावरची) मर्यादा ०.२० मिलिमीटर दिली आहे. डोळ्यांना स्पष्ट दिसणारी फट त्यापेक्षा कितीतरी जास्त असते. अपघातात वाकलेले पाइप प्रेसवर सरळ करून मिळतात. किंचित बाक असेल तर ते मान्य करता येईल, पण पाइपला घडी किंवा चुणी पडली असेल, तर तो भंगारात द्यावा. तो पुढच्या चाकाचा आधार आहे.

बसवताना दांडा आणि पाइप आत घालून बुडाच्या बोल्टला नवे तांब्याचे वायसर आणि थ्रेडलॉकचा, म्हणजे आटे सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा, एक थेंब लावून तो घट्ट करावा. पाइपच्या वरच्या टोकावर पातळ प्लास्टिकची पिशवी ओढावी, तिच्यावर फोर्क ऑइल लावावे आणि सील तिच्यावरून घसरवत खाली आणावे, म्हणजे पाइपच्या धारेने ओठ कापला जात नाही. सीलचा ओठ आवळून धरणारी बारीक गोल आखडस्प्रिंग दिसते ती बाजू तेलाकडे, म्हणजे खाली, आणि अक्षरे छापलेली बाजू वर असते. त्यावर जुने सील उलटे ठेवून बाहेरच्या व्यासाला जुळणाऱ्या पीव्हीसी पाइपने चोहोबाजूंनी सारखे ठोकावे. सर्कलिपची खाच पूर्ण दिसली की सील तळाला बसले. सर्कलिप खाचेत बसल्याची खात्री पेचकसाच्या टोकाने गोल फिरवून करावी. ती अर्धवट बसली तर पहिल्याच मोठ्या खड्ड्यात तेलाच्या दाबाने सील वर उडते आणि तेल थेट ब्रेक डिस्कवर जाते.

तेल किती आणि कोणते

बहुतेक साध्या गाड्यांत एका पायात दीडशे ते दोनशे मिलिलिटरच्या आसपास तेल बसते. मॅन्युअलमध्ये दोन आकडे असू शकतात, नुसते तेल बदलण्यासाठी कमी आणि फोर्क पूर्ण उघडला असेल तर थोडा जास्त. येथे दुसरा घ्यावा. त्याहून भरवशाची पद्धत पातळी मोजण्याची. तेल ओतून, स्प्रिंग बाहेर ठेवूनच, पाइप सावकाश दहा-बारा वेळा खालीवर करावा, दहा मिनिटे उभा ठेवून बुडबुडे जाऊ द्यावेत, पाइप पूर्ण खाली दाबावा आणि पाइपच्या तोंडापासून तेलापर्यंतचे अंतर पट्टीने मोजावे. जास्तीचे तेल सिरिंजला बारीक नळी लावून ओढून घ्यावे. दोन्ही पायांत एक मिलिमीटरचाही फरक ठेवू नये.

ही पातळी म्हणजे जुळवणीचे एक छुपे साधनच आहे. तेलावरची बंद हवा फोर्क दबला की आखडते आणि दुसऱ्या स्प्रिंगसारखे काम करते. पातळी पाच मिलिमीटर वाढवली तर सुरुवातीच्या मऊपणात फरक न पडता शेवटची 'ठक्' कमी होते. मात्र वीस-पंचवीस मिलिमीटर वाढवण्याचा उत्साह दाखवला, तर हवेला जागा उरत नाही आणि नव्या सीलवरच दाब येतो.

बऱ्याच गाड्यांना १०डब्ल्यू फोर्क ऑइल सांगितलेले असते; हा आकडा तेलाच्या घट्टपणाचा असतो. फोर्क उसळत असेल तर १५डब्ल्यू वापरून पाहता येते. परंतु तेल घट्ट केल्याने चढउतारावरचे डुलणे कमी झाले, तरी रस्त्यातील तीक्ष्ण खड्ड्यांचा धक्का हातात जास्त येतो, कारण तेवढ्या अल्प क्षणात घट्ट तेल त्या बारीक भोकांतून जाऊ शकत नाही. एकाच आकड्याची दोन कंपन्यांची तेले सारखी घट्ट असतीलच असेही नाही. म्हणून दोन्ही पायांत एकाच डब्यातले तेल घालावे. गॅरेजमध्ये सर्रास उरलेसुरले २०डब्ल्यू४० इंजिन ऑइल फोर्कमध्ये ओतले जाते. गाडी त्यावर चालते हे खरे. पण ते फोर्क ऑइलपेक्षा बरेच घट्ट असते, थंडीत पहाटे आणखी घट्ट होते, आणि ते या कामासाठी बनवलेलेच नसते.

सगळे पुन्हा जोडताना शेवटची एक गोष्ट हमखास राहून जाते. ॲक्सलचा नट घट्ट केल्यावर बॉटमचा आवळबोल्ट लगेच आवळू नये. गाडी जमिनीवर घेऊन, पुढचा ब्रेक धरून फोर्क पाच-सहा वेळा जोरात दाबावा, म्हणजे दोन्ही पाय ॲक्सलवर आपली नैसर्गिक जागा घेतात, आणि मगच तो बोल्ट आवळावा. बसक मोजताना आलेल्या दोन मापांतला जास्तीचा फरक बऱ्याचदा एवढ्यानेच जातो. ब्रेकची मूठ घट्ट होईपर्यंत दाबल्याशिवाय गाडी हलवू नये. डिस्कवर तेल सांडले असेल तर ती ब्रेक क्लीनरने पुसावी. तेल प्यायलेले पॅड घासून वापरण्यापेक्षा फेकून द्यावेत.

मागचे शॉकअप

मागच्या शॉकअपबाबत घरी करण्यासारखे फारसे नसते. बहुतेक शॉकअप कारखान्यातच बंद केलेले असतात. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत 'शॉकअप रिपेरिंग' असा बोर्ड लावलेली दुकाने असतात. तिथे नळीला भोक पाडून तेल भरून ते भोक पुन्हा बंद करतात. असा शॉकअप काही महिने चालतो, पण दोन्ही बाजूंचा जोर सारखा राहत नाही. गॅसच्या शॉकअपच्या बाबतीत हा प्रकार धोक्याचा आहे. बजाज पल्सरच्या मागच्या शॉकअपला जोडलेल्या छोट्या डबीत, जिला कंपनीने नायट्रॉक्स हे नाव दिले, नायट्रोजन दाबाखाली भरलेला असतो. तेलाला फेस येऊ नये हा त्याचा उद्देश. अशा शॉकअपला ड्रिल लावणे किंवा तो तापवणे म्हणजे हातात फटाका धरण्यासारखे आहे.

बदलायचेच झाले तर जोडीने बदलावेत. शॉकअप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या महाराष्ट्रात आहेत, एन्ड्युरन्स छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला आणि १९६१ साली सुरू झालेल्या गॅब्रिएल इंडियाचा कारखाना चाकणला, आणि त्यांचा माल त्यांच्या स्वतःच्या खोक्यांतूनही सुट्या भागांच्या दुकानात मिळतो. घेताना दोन डोळ्यांमधील लांबी जुन्याशी ताडून पाहावी. दोन सेंटिमीटर लांब शॉकअप बसवून गाडी 'उंच' करण्याची हौस टाळावी, कारण त्याने फोर्कचा तिरपेपणा बदलतो, चेनचा कोन बदलतो आणि साइड स्टँडवर गाडी फार झुकून उभी राहते. शॉकअप किंवा प्रीलोड बदलल्यावर चेनचा ढिलेपणा स्वार बसलेला असताना पुन्हा तपासावा.

मोनोशॉक असलेल्या गाडीत चिमटा आणि शॉकअप यांच्यामध्ये सांध्यांची रचना असेल, तर त्या सांध्यांच्या बेअरिंगना ग्रीस लागते. ते ठिकाण मागच्या चाकाच्या चिखलाच्या अगदी वाटेत आहे, आणि प्रेशर वॉशरचा फवारा नेमका तिथेच मारला जातो. दर पावसाळ्यानंतर ते उघडून ग्रीस भरावे. केटीएम ३९० ड्यूकच्या नव्या पिढीसारख्या गाड्यांत दबलेले सस्पेन्शन परत वर येण्याचा वेग ठरवणारे फिरवबटण असते; ते आधी पूर्ण बंद करून किती 'क्लिक' होते ते वहीत लिहून ठेवावे, मग मूळ जागी आणून एका वेळी एकच क्लिक बदलावी.

रस्त्यावरची चाचणी

चाचणीसाठी रोजचाच दोन-तीन किलोमीटरचा तुकडा निवडावा, ज्यात एखादा गतिरोधक, थोडा खडबडीत भाग आणि एक लांब वळण असेल. प्रत्येक फेरीत एकच गोष्ट बदलावी, वेग तोच ठेवावा आणि फेरी संपताच वहीत दोन ओळी लिहाव्यात. फोर्कच्या पाइपभोवती एक केबल टाय सैलसर बांधून सीलला टेकवून ठेवावा. फोर्क दबला की तो वर ढकलला जातो आणि फोर्क जास्तीत जास्त किती दबला ते दाखवतो. रोजच्या रस्त्यावर तळापासून दहा-पंधरा मिलिमीटर जागा शिल्लक राहत असेल तर जुळवणी बरोबर आहे. तीस-चाळीस मिलिमीटर कधीच वापरले जात नसतील, तर तेलाची पातळी किंवा प्रीलोड कमी करण्यास वाव आहे.

दोनशे-तीनशे किलोमीटर झाल्यावर सर्व आवळबोल्ट पुन्हा पाहावेत आणि पाइपवर पांढऱ्या कापडाने बोट फिरवावे. नव्या सीलवर पहिल्या दोन-चार दिवसांत तेलाचा अगदी पुसट पट्टा येतो, तो बसवताना लावलेल्या तेलाचा असतो. पुसल्यावर पुन्हा आला तर मात्र सर्कलिप आणि पाइपकडे परत जावे. मी फोर्कचे तेल दोन वर्षांनी किंवा वीस हजार किलोमीटरनंतर बदलतो, आणि ते मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या पावसापूर्वी. काढलेले काळे तेल गटारात किंवा शेताच्या बांधावर न ओतता बाटलीत भरून गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या पिंपात नेऊन टाकावे.